पाळीखालची वस्ती

नागपूरला समुद्र नाही, बंदर नाही. तरी काठावर राहण्याचं सुख आणि धास्ती दोन्ही इथे अंबाझरी तलावाच्या पाळीखाली राहणाऱ्यांना ठाऊक आहेत. पाळीवर चढलं की एका बाजूला भरलेला तलाव आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या पातळीहून खाली, अंबाझरी लेआउटच्या गच्च्या. पश्चिमेच्या लाव्हा गावाकडून येणारी नाग नदी या तलावात थांबते आणि सांडव्यावरून पुन्हा निघून थेट घरांच्या कुंपणांलगत वाहू लागते. शहराला नाव देणाऱ्या या नदीला येता-जाता आपण सगळे नालाच म्हणतो.

बांध १८७० सालचा. शहराला प्यायला पाणी हवं म्हणून तो घातला. घरं फार नंतर आली. बहुतेकांनी निवृत्तीचे पैसे घालून बांधलेली, अंगणात पारिजातक आणि कढीपत्ता असलेली. इथली सकाळ फार लवकर होते. फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याची शुगर विचारणारी, श्रावणात ‘तलाव कुठवर आला जी?’ म्हणत पाळीकडे निघणारी ही माणसं. जुलैत ओव्हरफ्लो सुरू झाला की सगळं शहर बघायला लोटतं आणि कोपऱ्यावरच्या भुट्टेवाल्याला मान वर करायला फुरसत नसते.

२२ सप्टेंबर २०२३ ला घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या. पुरण, आंबील, सोळा भाज्या. घासूनपुसून भांडी पालथी घालून बाया उशिरा झोपल्या. त्याच रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तलाव ओसंडला आणि पहाटेच्या अंधारात नाग घरांत शिरली. ओळखीच्या एका घरी तळमजल्यावर पलंग तरंगत होता. मखराचा पत्ता नव्हता, आणि दोन्ही मुखवटे घरच्या सुनेनं छातीशी धरून गच्चीवर नेले होते. शंकरनगरच्या मूकबधिर शाळेतल्या मुलांना बाहेर काढावं लागलं. मदतीला सैन्य आलं. शहरात किमान चार जीव गेले.

पाणी ओसरल्यावर भिंतींवर उरली ती चिखलाची रेघ. रंग दिला तरी पावसाळी ओलीत ती पुन्हा उमटते. सांडव्यासमोर उभारलेलं स्मारक पाण्याची वाट अडवतं, हा प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला. हे लोक तलावावर रुसले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. ते आजही पाळीवर फिरायला जातात. फक्त आकाश भरून आलं की गाड्या उंचावर नेऊन लावतात, कागदपत्रं माळ्यावर ठेवतात आणि रात्री एक जण जागा राहतो. चूक पाण्याची नव्हती. त्याची वाट आपण अडवली, अरुंद केली, वर कचरा टाकला.

म्हणून ओव्हरफ्लो बघायला येणाऱ्या नागपूरकरांना एक विनंती. परतताना पाळीखालच्या गल्लीतून जा, नदीचं पात्र किती उरलंय ते स्वतः बघा. आणि ते मोकळं करण्याचं काम कुठवर आलं, हे पाऊस लागायच्या आधी महापालिकेला विचारा.