कानांचा निवाडा

वाचणाऱ्याने शेवटचे पान उलटे ठेवल्यापासून जमलेल्यांपैकी कोणी तोंड उघडीपर्यंत जो अल्प अवधी जातो, तेवढ्यात त्या कथेचे काय होत असेल, असा विचार लेखकांच्या शिबिरांतून कथा ऐकताना माझ्या मनात नेहमी येतो. आणि मग मन हटकून वळते ते श्रोत्यांच्या प्रतिसादाला न्यायासनाची प्रतिष्ठा देणाऱ्या युद्धोत्तर जर्मनीतील एका लेखकमंडळाकडे.

१९४७ च्या सप्टेंबरात बव्हेरियातील बानवाल्डझे या तळ्याकाठच्या एका घरी हान्स वेर्नर रिश्टर यांनी काही लेखकांना बोलावले. त्यांतले कित्येक युद्धकैदेतून परतलेले, आणि नगरांइतकीच आपली भाषाही उद्ध्वस्त झाली आहे या जाणिवेने व्याकूळ झालेले होते. पुढे ‘ग्रुप ४७’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या मंडळाला ना घटना होती, ना सभासदांची यादी. रिश्टर यांचे निमंत्रणपत्र हीच काय ती सनद. रिवाज मात्र कडक होता. लेखकाने त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून आपले अप्रकाशित लेखन वाचावे, वाचन संपताच उपस्थितांनी जागच्या जागी निवाडा द्यावा, आणि तो चालू असता लेखकाला बचावाचा एक शब्दही काढण्याची मनाई. त्या आसनाला विजेची खुर्ची असेच म्हणत.

१९५२ च्या मे महिन्यात बाल्टिक किनाऱ्यावरील नीनडॉर्फ येथे भरलेली बैठक मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. तेथे इल्से आयशिंगर यांनी आपली कथा वाचली. एका मृत तरुणीचे आयुष्य दफनापासून मागे मागे जन्मापर्यंत उलगडत नेणाऱ्या त्या संथ, धीम्या गद्याला मंडळाचे पारितोषिक मिळाले. त्याच बैठकीत पाउल सेलान या कवीने, ज्याचे आईबाप नाझींच्या छळछावणीत बळी पडले होते त्याने, मृत्यूवरची आपली कविता गंभीर, आलापयुक्त स्वरात म्हटली. आणि काही जण चक्क हसले. कोणी त्या स्वराची तुलना गोबेल्सशी केली, तर त्या म्हणण्यात सिनेगॉगमधला हेल असल्याचे उद्गार खुद्द रिश्टर यांच्या तोंडून निघाल्याचे सांगतात.

हे वाचून प्रथम संताप येतो, आणि तो यावा हेच योग्य. परंतु संताप ओसरल्यावर त्या हसणाऱ्यांच्या कानांचा विचार केल्यावाचून राहवत नाही. बारा वर्षे ध्वनिक्षेपकांवरून कोसळणाऱ्या आवेशपूर्ण वक्तृत्वाने भाजून निघालेल्या त्या कानांनी उच्च स्वराचा धसकाच घेतला होता. कोरडे, सपाट वाचन हेच त्यांच्या लेखी सचोटीचे लक्षण. आयशिंगर आणि सेलान यांची जखम एकाच अत्याचाराची, आयशिंगर यांची आजीही त्याच संहारात गेलेली. पण त्या सभेने एकीचा आवाज ऐकला आणि दुसऱ्याचा आवाज ऐकताच शब्दांकडे पाठ फिरविली.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करीत, तेव्हा समोरच्या श्रोत्यांवर कीर्तनाचे आणि बतावणीचे संस्कार पूर्वीच झालेले असत. शंकर पाटलांच्या ‘धिंड’ला पिकणारा हशा हा परीक्षकांचा शेरा नव्हता, त्या कथेची पूर्तताच तो करी. कच्च्या हस्तलिखितासमोर बसलेल्यांना असे मोकळेपण नसते. तेथे हसूदेखील मतदान ठरते, आणि ज्याचा कंठ गोड, त्याच्या ढिल्या वाक्यांचे पाप त्या गोडव्यात खपून जाते, ही माझी जुनी तक्रार आहे. कंठ आणि गद्य यांचा जोड क्वचितच जमतो. १९५८ मध्ये ग्रोसहोल्त्सलॉइटच्या खाणावळीत ग्युंटर ग्रास यांनी आपल्या अपुऱ्या कादंबरीचा आरंभ, बटाट्याच्या शेतात बसलेल्या त्या आजीसह, ऐकविला, तेव्हा तो जमला; पारितोषिक त्यांना मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ‘टिन ड्रम’ प्रकाशित झाली.

सेलान यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्यांचा संग्रह त्या बैठकीच्याच वर्षी छापून निघाला, आणि सभेत हेलापाशीच अडून राहिलेले पुष्कळसे वाचकांना मुकाट्याने वाचताना उमगले. रिश्टर यांनी त्यांना नंतरही निमंत्रणे धाडली. सेलान मंडळाच्या बैठकीला पुन्हा गेले नाहीत.