अंबाजोगाईहून विमानतळाच्या विश्रामदालनापर्यंत

बालाघाटाच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी वसलेले अंबाजोगाई हे आमचे गाव वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. कोकणस्थ घराण्यांपैकी कित्येकांची कुलस्वामिनी श्रीयोगेश्वरी येथे नांदते, आणि लग्नमुंजीनंतर दर्शनास येणारी मंडळी बारा महिने गावात दिसतात. शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी येथेच आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर वेदान्त लिहून ठेवणारे दासोपंतही येथलेच. निजामाच्या अमदानीत या गावास मोमिनाबाद म्हणत. परंतु लोकांच्या तोंडी जोगाईचे आंबे हेच नाव राहिले.

असे हे गाव जुने खरे, पण वाटेवरचे नव्हे. आगगाडी अद्यापि गावात आलेली नाही. तिच्यासाठी परळीस किंवा घाटनांदूरास जावे लागते. विमानाची गोष्ट तर त्याहून दूरची. तथापि १९७४ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, शाळा तर त्यापूर्वीपासूनच उत्तम होत्या, आणि त्यांतून शिकून बाहेर पडलेली मुले आज पृथ्वीच्या पाठीवर कोठे कोठे पांगली आहेत. त्यामुळे ज्या वडीलधाऱ्यांनी उभ्या जन्मात परळी-वैजनाथ आणि पंढरपूर याखेरीज लांबचा प्रवास केला नव्हता, ते आता फ्रँकफुर्ट आणि टोरांटो ही नावे सहज उच्चारतात. संध्याकाळी देवळाच्या आवारात दोन गृहस्थ भेटले, की पूर्वी ‘पाऊस कसा आहे?’ असा प्रश्न होई; हल्ली परदेशाहून आलेल्यास ‘लाउंज मिळाले का हो?’ असे विचारणारेही आढळतात. या प्रश्नाचा उलगडा कुटुंबातील वडील माणसांस व्हावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या गावाहून मुंबई मोटारीने दहा-अकरा तासांची वाट. घाटात अडकू, पुण्यापाशी खोळंबू, या भयाने माणूस आदल्या रात्रीच निघतो आणि विमानाच्या वेळेच्या पाच-सहा तास आधी छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर येऊन बसतो. २०१४ साली वापरात आलेले तेथील दुसरे टर्मिनल म्हणजे एक लहानसे नगरच होय. तपासण्या आटोपून आत गेले, की वेळ पुष्कळ उरतो आणि कंबर मात्र उरत नाही. अशा वेळी ज्या दालनात मऊ खुर्ची, गरम अन्न, स्वच्छ न्हाणीघर आणि थोडी शांतता मिळते, त्यास लाउंज म्हणतात. ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली असे दालन उघडले. तेव्हा कंपनी ज्यास मान देऊन बोलावील त्यालाच तेथे प्रवेश असे. आज बोलावण्याच्या जागी नियम आले आहेत.

वेदान्ताच्या ग्रंथारंभी चार अनुबंध सांगण्याची आपली जुनी रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. विश्रामदालनाचे शास्त्रही या चौकटीत नीट बसते, म्हणून आम्ही त्याच क्रमाने सांगतो.

प्रथम अधिकारी. प्रवेशाचा अधिकार मुख्यतः दोन प्रकारांनी येतो. पहिला तिकिटाचा: वरच्या वर्गाचे तिकीट असले, की त्या दिवसापुरते दार उघडते. दुसरा पदाचा: जो वारंवार विमानाने जातो, त्या विमानाच्या वारकऱ्यास कंपनी रौप्य, सुवर्ण अशी पदे देते. मौज अशी, की हे पद एका कंपनीपुरते राहात नाही. लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी १४ मे १९९७ रोजी स्टार अलायन्स नावाचा संघ स्थापिला. त्यानंतर १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम हे दुसरे दोन संघ निघाले. आपली एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. संघातील एका कंपनीचे सुवर्णपद इतर कंपन्यांच्या दारीही मानले जाते, हेच या संघांचे मर्म. मात्र प्रत्येक पदास हा मान नाही. स्टार अलायन्सचे रौप्यपद घेऊन दाराशी गेलेला मनुष्य तसाच परत फिरतो. तेथे सुवर्णच पाहिजे. वनवर्ल्डची पदे रत्नांच्या नावांची आहेत: माणिक, नील आणि पाचू. त्यांतील माणकास दार बंद, नील आणि पाचू यांस उघडे. स्कायटीममध्ये ‘एलिट प्लस’ हे वरचे पद लागते, आणि तेही परदेशच्या प्रवासासाठी.

दुसरा अनुबंध विषय, म्हणजे कोणते विमान. कार्ड खिशात आहे एवढ्याने भागत नाही. त्याच दिवशी संघातील एखाद्या कंपनीच्या विमानाने निघावयाचे असले पाहिजे. तिकीट साध्या वर्गाचे असले तरी चालते, आणि सुवर्णपदाचा खरा लाभ हाच. पण तिकिटावर एका कंपनीचे नाव आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्या कंपनीचे, असा प्रकार हल्ली फार. विमान चालविणारी कंपनी संघातील आहे की नाही, हे पाहावे. इंडिगोची विमाने आपल्याकडे सर्वांत अधिक; परंतु ती कंपनी या तीन संघांपैकी एकातही नाही. शिवाय संघातील सभासदही बदलतात. संस्थापक पाचांपैकी असलेली स्कँडिनेव्हियन कंपनी २०२४ च्या ऑगस्टअखेर स्टार अलायन्समधून निघून दुसऱ्याच दिवशी स्कायटीममध्ये गेली. उलट, कोणत्याच संघात नसलेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबून निघू नये. आणखी एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: अमेरिकेतील युनायटेड कंपनीचे सुवर्णपद ज्याच्यापाशी आहे, त्यास त्या देशातल्या देशात प्रवास करताना तिच्याच दालनात केवळ त्या पदावर प्रवेश मिळत नाही. मुलाकडे उतरून पुढे मुलीच्या गावी जाणाऱ्या मंडळींनी हे विसरू नये.

तिसरा अनुबंध संबंध, आणि एकत्र कुटुंबाची खरी अडचण येथेच आहे. सुवर्णपद धारण करणारास आपल्याबरोबर एक पाहुणा नेता येतो. एक म्हणजे एकच. तोही त्याच विमानाने जाणारा हवा आणि धारकाबरोबरच आत शिरणारा हवा. कार्ड हाती देऊन आईवडिलांस पुढे पाठविता येत नाही. वरच्या वर्गाच्या तिकिटाची गंमत याहून निराळी. बिझनेस वर्गाचे महागडे तिकीट असले तरी केवळ त्या तिकिटावर स्टार अलायन्समध्ये एकही पाहुणा नेता येत नाही.

गेल्या वर्षी चिरंजीव आम्हां उभयतांस नेण्याकरिता आले होते. त्यांजपाशी सुवर्णपद आहे. ‘बाबा, माझ्याबरोबर एकालाच आत नेता येईल,’ असे त्यांनी महिनाभर आधीच दूरध्वनीवरून कळविले होते, त्यामुळे निर्णय अंबाजोगाईसच झाला. आमची मंडळी म्हणाली, ‘अहो, तुम्हीच जा त्याच्याबरोबर. मला काय, कुठेही बसता येतं.’ परंतु गुडघे तिचे दुखतात, आमचे नव्हेत. तिसऱ्याचे पैसे भरण्यास चिरंजीव तयार होते. त्यावर ती म्हणाली, ‘पोटच्या पोराशेजारी बसायला भाडं कशाला?’ शेवटी ती आत गेली, दीड तास पाय लांब करून पडली, आणि बाहेर आली तेव्हा तिची चाल सुधारली होती. आम्ही बाहेरच्या बाकावर पुस्तक वाचीत बसलो होतो. विश्रामदालन ही ऐट आहे असे म्हणणारांस आम्ही त्या गुडघ्यांची साक्ष देऊ.

तिला दारापर्यंत पोचविण्यास गेलो, तेव्हा मात्र एक निराळाच प्रसंग दृष्टीस पडला. आपल्याच बाजूचे एक कुटुंब तेथे उभे होते: तरुण मुलगा, त्याचे आईवडील आणि वयस्क आत्याबाई. मुलाने मोठ्या हौसेने सर्वांस दाराशी आणले होते, आणि दारावरील मुलगी अत्यंत नम्रपणे सांगत होती, की एकच पाहुणा आत जाईल. तिच्या हाती तरी काय होते? दालन चालविणारा निराळा असला, की विमानकंपनी त्यास माणशी पैसे मोजते. मोजून दिलेल्या गोष्टीत दोन माणसे अधिक कशी मावावी? मुलगा कानापर्यंत लाल झाला. आईकडे पाहावे की वडिलांकडे, हे त्यास कळेना; आत्याबाईंकडे पाहण्याचे तर त्याने टाळलेच. तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, ‘अरे, आईला घेऊन जा. आम्ही दोघं भावंडं बसतो बाहेर.’ पुढे त्या आमच्याच बाकावर येऊन बसल्या. डबा उघडून दशमी आमच्यापुढे करीत हसून म्हणाल्या, ‘शाळेच्या दिवसांत हा सहा वर्षं माझ्या घरी होता. आज मी याची पाहुणी, आणि तीसुद्धा मोजणीत न बसणारी!’ बोलणे हसतच झाले. पण दशमीचा पुढचा तुकडा त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

त्यांच्या या शब्दावर आम्ही विमानात पुष्कळ विचार केला. नियमाच्या दृष्टीने जगात दोनच जाती: धारक आणि पाहुणा. आपल्या घरांत आई ही मुलाची पाहुणी नव्हे, आणि ज्या आत्याने सहा वर्षे जेवू घातले तीही नव्हे. जेवणाच्या वेळी पाने किती मांडावयाची एवढेच आपण विचारतो; कोणास वगळावयाचे हा प्रश्न पंगतीत येत नाही. अंबाजोगाईस कुलस्वामिनीच्या दर्शनास एखादे बिऱ्हाड येते, तेव्हा क्षेत्रोपाध्याय आडनाव, गोत्र आणि मूळ गाव विचारतात, आणि एकदा कुळाची ओळख पटली, की मागे उभी असलेली सून, विधवा काकू, कडेवरचे मूल, सर्वांची सोय त्या एका नावावर होते. तथापि तेथेही दार सर्वांस सारखेच उघडे होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोत्र विचारणे हाही अधिकाराचाच प्रश्न होता, आणि ज्यास कुळ सांगता येत नसे, त्याने ओसरीवरूनच परतावे अशी रूढी आपणच चालविली. त्या मानाने आजचे दार जात पाहात नाही, कार्ड पाहते. फरक इतकाच, की कुळाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि हे पद प्रवास पुरेसा झाला नाही की मुदतीनंतर उतरते. पुण्य सरले म्हणजे स्वर्गातून खाली यावे लागते, असे शास्त्र सांगते, तसेच हे.

चौथा अनुबंध प्रयोजन. लाउंजचे प्रयोजन विश्रांती, पोटभर पंक्तीभोजन नव्हे. आणि विमान चुकविणे तर नव्हेच. पुष्कळ दालनांत विमानांच्या सूचना पुकारीत नाहीत. फलकावर डोळा ठेवावा लागतो. आमच्या गावची कथा सर्वांस ठाऊक आहे: परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचा विवाह ठरला, मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड होऊन राहिले. हत्तीखान्यातील पाषाणाचे हत्ती त्याच वऱ्हाडातले, असे जुनी माणसे सांगत. मऊ खुर्चीत मुहूर्त टळू नये, म्हणून तास-सव्वातास आधीच उठावे.

याशिवाय बँकेच्या कार्डावरही आपल्या देशात पुष्कळ दालनांत प्रवेश मिळतो. पण तेथेही मागील तिमाहीत ठरीव रक्कम खर्च केलेली असावी, अशा अटी अनेक बँकांनी घातल्या आहेत, आणि पाहुण्याचे नियम प्रत्येक कार्डाचे वेगळे. ज्यास यांतील काहीच नाही, त्याने जागा असल्यास रोख पैसे भरावे, किंवा आमच्यासारखे बाकावर बसावे. त्यात कमीपणा कसलाच नाही.

शेवटी तरुण वाचकांस एकच सांगणे. कार्डाचा नियम तुम्हांस ठाऊक असतो, घरच्यांस नसतो. तो दाराशी कळला म्हणजे वडील माणसास आपण वगळले गेलो असे वाटते. घरी, चार दिवस आधी, चहाच्या वेळी कळला, तर ती नुसती व्यवस्था होते. ज्याचे गुडघे दुखतात, ज्यास मधुमेह आहे, ज्यास वेळच्या वेळी गरम अन्न पाहिजे, तो आत जावा. मान कोणाचा मोठा हे तेथे पाहू नये. आणि जो बाहेर राहील, त्याच्याजवळ कोणी तरी बसावे. सुवर्णपद तुमचे असेल तर आईस आत नीट बसवून, अर्ध्या तासाने तुम्हीच बाहेर यावे आणि आत्याच्या डब्यातली दशमी खावी.