केळीचं सार

केळीवर एक जुना आळ आहे. तिचा खांब सोलत जावं तर पदरामागून पदर सुटतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. म्हणून ती असार. संसार पोकळ आहे हे पटवायला पंडितांनी आणि कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच दाखला दिला. मी तो लहानपणी गावच्या देवळात ऐकला, घरी आले, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या केळीकडे पाहून मला फार वाईट वाटलं. तिची बाजू कोणी मांडलीच नव्हती. ती आज मांडते.

त्याच पावसाळ्यात एका रात्री वाऱ्याने आमची एक केळ मधोमध मोडली. अजून निसवली नव्हती ती, म्हणजे घड बाहेर पडायचा होता. सकाळी आजी म्हणाली, "आडवी पडलीय ती, सोल आता हवी तेवढी." मी कोयता घेऊन बसले. बाहेरचा पदर सुकलेला, तपकिरी. त्याखालचा हिरवट, मेणासारखा गुळगुळीत. त्याच्या आतला पांढरा, आणि मग इतका पांढरा की बोट लावायला जीव होईना. प्रत्येक पदर चंद्रकोरीसारखा वळलेला, एकमेकाला कवेत घेतलेला. एक पदर आडवा कापून उजेडाकडे धरला आणि मी पाहतच राहिले. आत खिडक्यांची रांग होती. पातळ पडद्यांनी वेगळ्या केलेल्या चौकोनी खोल्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि सगळ्या रिकाम्या.

रिकाम्या म्हणजे हवेने भरलेल्या. शाळेच्या पुस्तकात पुढे अशा रचनेलाच 'वायू ऊती' म्हणतात असं वाचलं. ऊती या शब्दाचा मूळ अर्थ विणकाम. 'ओतप्रोत'मधला 'ओत' याच घराण्यातला. केळीच्या पदराइतकं या शब्दाला शोभणारं दुसरं काही मला माहीत नाही. आतले पडदे मऊ पेशींचे, दोन्ही बाजूंच्या सालींत चिवट धाग्यांच्या जुड्या उभ्या विणलेल्या, त्या जुड्यांतूनच पाणी वर आणि पानातलं अन्न खाली. गजरा बांधायला सोप, म्हणजे हाच पदर, ताणून त्याचा दोरा काढतात, तो याच जुड्यांचा. लाकडाचा एक कण न वापरता दोन पुरुष उंच उभं राहायचं तर दुसरा मार्गच नव्हता. पाणी भरलेल्या पेशी फुगून ताठ राहतात, पदर एकमेकांना दाबून धरतात, आणि हवेच्या खोल्यांमुळे खांब हलका राहतो. खांबाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

सोलत सोलत मी मध्यापर्यंत पोचले. तिथे एक गुंडाळलेलं कोवळं पान होतं, फिकट पोपटी, सुरळीसारखं. पोंगा. तोही उलगडला. मग खरंच काही उरलं नाही. कीर्तनकारबुवा खोटं बोलत नव्हते.

पण ते चुकीच्या जागी शोधत होते. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते तिचं खोडच नाही. ते पानांचे बुडखे आहेत, एकात एक गुंडाळलेले. खरं खोड मातीत असतं, कंद. ओबडधोबड, बुटका, अंगावर पानांच्या जुन्या खुणांची वलयं. त्याच्या डोक्यावर, जमिनीच्या पातळीशी, या सगळ्या पदरांच्या तळाशी लपलेला तिचा वाढीचा कोंब असतो. मोहरीच्या दाण्याएवढाही नाही. पुस्तकात याचं नाव प्ररोह विभाजी ऊती. इथल्या पेशी दुभंगत राहतात, आणि एकेक पान मधून वर पाठवत राहतात. नवा पोंगा आधीच्या सगळ्या पदरांच्या मधून वाट काढत वर येतो, उलगडतो आणि जुन्यांना बाहेर ढकलतो. म्हणजे केळीत सगळ्यात नवं ते सगळ्यात आत. साधारण 30 ते 40 पानं ती जन्मभरात काढते.

तिच्या पानाबद्दल माझं एक गाऱ्हाणं होतं. नवं पान उलगडलं की दोन दिवस काय देखणं दिसतं, आणि एक वारा आला की चिंध्या. आई नैवेद्यासाठी अखंड पान शोधत वळचणीकडच्या केळीपाशी जायची. नंतर कळलं की त्या चिंध्यांत तोटा फारसा नाही. पानाच्या बारीक शिरा मधल्या दांड्यापासून काठापर्यंत एकमेकींना समांतर जातात; फाटायचं तर त्यांच्या मधूनच फाटतं, शीर तुटत नाही. प्रत्येक पट्टीचा दांड्याशी स्वतःचा जोड राहतो, तिचं पाणी तिला मिळत राहतं, आणि वारा पट्ट्यांमधून निघून जातो. अखंड राहिलं असतं तर तेच पान शिडासारखं फुगलं असतं आणि सगळी केळ घेऊन पडलं असतं. भर उन्हात पाणी कमी पडलं की पानाचे दोन्ही भाग दांड्यापाशी खाली मिटतात, संध्याकाळी पुन्हा पसरतात. दांड्याच्या दोन्ही कडांना पेशींचा एक फिकट पट्टा असतो, त्यातलं पाणी कमी-जास्त झालं की हे घडतं. बिजागरीच म्हणा.

आणि मग एक दिवस तो मोहरीहून लहान कोंब पानं करायची थांबवतो आणि फूल करू लागतो. इतके महिने मातीत दबून राहिलेलं खोड आता लांबू लागतं. सगळ्या पदरांच्या मधून, पोंग्याच्या त्याच वाटेने, एक भरीव पांढरा दांडा वर चढतो आणि शेंड्यातून जांभळं केळफूल घेऊन बाहेर पडतो. खानदेशात म्हणतात, केळ निसवली. बुवांनी निसवलेली केळ सोलली असती तर मनगटाएवढा गाभा हाती आला असता. कोकणात त्याची कोशिंबीर करतात. चकत्या चिरताना सुरीमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ओढले जातात, ते बोटाला गुंडाळून काढावे लागतात. हे त्या गाभ्यातल्या जलवाहिन्यांच्या भिंतींवरचे मळसूत्री धागे. नळी चिरली तरी स्प्रिंगसारखे उलगडत राहतात.

निसवल्यावर तिला नवं पान येत नाही. जी आहेत तेवढ्यांवरच पुढचे तीनचार महिने घड पोसायचा असतो. म्हणून सावदा-रावेरकडचे शेतकरी या दिवसांत करप्याला आणि वादळाला भितात, बागेभोवती शेवरीची आडोशाची रांग उभी करतात. एकेक पान गेलं म्हणजे त्यांना घडाच्या वजनातली घट दिसते.

केळफुलाची एकेक जांभळी पाकळी उचलली जाते, वळते, गळून पडते, आणि तिच्याखाली फुलांची ओळ दिसते. पहिल्या ओळी मादीफुलांच्या. त्यांच्याच फण्या होतात. केळी आधी खाली तोंड करून असतात, मग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हळूहळू वर वळतात. बाक त्यातूनच येतो. नंतरच्या ओळी नरफुलांच्या. आपण भाजीला घेतो ते केळफूल यांचंच. हाताला तेल लावून, चिकाचे डाग चुकवत, प्रत्येक फुलातला काडीच्या गुलासारखा कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढत बसायचं. तासभर तरी जातो. चीक हवेत काळपट होतो आणि पोलक्यावर पडला तर पोलकं फाटेपर्यंत राहतो.

बागेतल्या केळीच्या फळाला बी लागत नाही. केळ्याच्या मधोमध जे काळे ठिपके दिसतात ती न झालेली बी. सह्याद्रीतल्या रानकेळीच्या फळात मात्र टणक काळ्या बिया ठासून भरलेल्या असतात, कारण तिला मुनवे, म्हणजे कंदातून येणारी पिल्लं, फुटत नाहीत. तिचा वंश बियांवरच. घरच्या केळीने बी सोडून दिलं आणि सगळी भिस्त कंदावर ठेवली. घड उतरला की ती केळ संपते. एकदाच निसवते ती. पण तोवर कंदाच्या कुशीतून दोनचार मुनवे वर आलेले असतात.

जळगाव भागात आता मुनव्यांऐवजी टिश्यू कल्चरची रोपं लावतात. त्या कामाची पद्धत कळली तेव्हा मी थक्क झाले. मुनव्याचा कंद घेतात, पदर काढतात, आणखी काढतात, बारीक पात्याने आणखी. शेवटी हाती राहतो तो कोंब आणि त्याला बिलगलेले एकदोन पानांचे अंकुर. तो निर्जंतुक बाटलीत खाद्यावर ठेवतात. एकाचे अनेक कोंब होतात, त्यांचे पुन्हा अनेक, आणि अशा एका कोंबापासून शेकडो रोपं शेतात जातात. बुवांनी सांगितलं तसंच शेवटपर्यंत सोलतात ही माणसं. फक्त मातीच्या पातळीपर्यंत खाली जातात.

आमच्या मोडलेल्या केळीचं खुंट न्हाणीमागे तसंच उभं होतं, गुडघ्याएवढं. कोयत्याने आजीने ते वरून सपाट केलं, वलयं स्वच्छ दिसावीत म्हणून मला दाखवायला. त्यातून पाणी पाझरत होतं. मी सोललेल्या पदरांचा ढीग उकिरड्यावर टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला गेले तर बाकीची वलयं होती तिथेच होती, आणि मधोमध कोवळी पोपटी सुरळी बोटभर वर आली होती.