सुळ्याला जागा

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी घरातल्या तीन पिढ्यांचे जबडे पाहिलेत. आजोबांची कवळी त्यांचीच, दाजींच्या दाढेतली चांदीही त्यांचीच. भाच्याच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली आणि ताई घाबरली, तेव्हा 'थांबा' म्हणाले तेही तेच. आठ-नऊ वर्षांच्या बऱ्याच पोरांना अशी फट असते. पुढे सुळे उतरले की ती बहुधा आपसूक मिटते. मिटलीही. पण सुळ्यालाच जागा पुरेना, तो वरच्या हिरडीत चढून बसला.

"मुलगा आहे, त्याचे दात कोण बघतंय?" असं म्हणणारे काका आपल्याकडे घरोघरी असतात. डॉक्टरांना दिसण्याचं फारसं पडलेलंच नव्हतं. एकावर एक चढलेल्या दातांत ब्रश पोचत नाही, ही त्यांची काळजी.

तारा बसवणारे तज्ज्ञ ठरल्या वारी बाहेरगावाहून परभणीला येतात. आधीची कीड भरणं, मधल्या काळात हिरड्यांवर नजर ठेवणं मात्र घरच्या डॉक्टरांकडे. जागा करायला उपदाढा काढायच्या ठरल्या, तशी आजी उसळली, "चांगले दात कशाला उपटायलाव, डॉक्टरसाब?" त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो; मुळाभोवती बारीक तंतूंचा पदर असतो. तार हलका रेटा देत राहते. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरतं, मागे नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाईनं जोर लावला तर मूळच झिजायची भीती. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची, वाकवली तरी आपल्या आकारावर परतणारी. हा मिश्रधातू १९६० च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. आजीला नौदलाशी देणंघेणं नव्हतं. पण एक्स-रेत आडवा अडकलेला सुळा तिला दिसला, आणि ती गप्प झाली.

भाच्याची चिंता वेगळी. हुरड्याचे दिवस होते. डॉक्टर ताईशी नाही, त्याच्याशीच बोलले, "हुरडा खा, घरी आल्यावर तारेतले दाणे ब्रशनं काढ. ऊस मात्र दातानं सोलायचा नाही. चिक्कीही नको."

पोरानं पाळलं. त्याला विचारून ठरवलं होतं म्हणून पाळलं, असं मला वाटतं.

तारा निघाल्या की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरी चूक तिथेच होते. सरळ झालेले दात जुन्या जागेकडे सरकू बघतात. रिटेनर असतो तो त्यासाठी. तुमच्या घरात कुणाच्या तारा नुकत्याच निघाल्या असतील, तर आज रात्री तो रिटेनर तोंडात आहे की दप्तरात, तेवढं बघा.