काकवीचा डबा

लांबच्या प्रवासाला निघताना माणसाने बरोबर काय घेऊ नये, असे मला कोणी विचारले तर मी तत्काळ सांगेन, काकवी! तूप, तेल, लोणचे यांची काही ना काही समजूत घालता येते. काकवीची येत नाही. झाकण कितीही घट्ट लावा, ती आपली वाट काढते. आणि एकदा बाहेर पडली की जिथे जाते तिथलीच होऊन राहते.

2017 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमची थोरली वसईला दिली, त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. ‘दिली’ म्हणणेही खरे नाही. तिचे तिनेच ठरवले. मुलगा ख्रिस्ती, बँकेत नोकरीला, घरची केळीची नि फुलांची वाडी. मुलाला नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी धर्माला ठेवले. नोंदणी पद्धतीने झालेल्या त्या लग्नाला मी गेलो नाही आणि हिलाही जाऊ दिले नाही. धाकटा तेवढा मित्राकडे जातो असे सांगून गेला नि फोटो घेऊन आला. ते मी पाहिले नाहीत.

यातली गंमत अशी की, मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात बसून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, 1616 साली ते छापले, आणि त्यात मराठीची केवढी थोरवी गायिली, हे मी दरवर्षी वर्गात छाती फुगवून सांगत असे. स्टीफन्स पुस्तकात होता तोवर मला कसलीच अडचण नव्हती.

पहिली दोन वर्षे थोरलीने नाताळला बोलावले. मी ‘बघू’ म्हणालो. तिसऱ्या वर्षी तिचा फोन आला, हवापाणी झाले, माझ्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि तिने बोलावले नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वर्तमानपत्र उलटे-सुलटे केले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिला विचारले, “वसई किती किलोमीटर असेल गं?”

ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती गुऱ्हाळावर गेली नि पाच किलोंचा डबा भरून काकवी घेऊन आली.

24 डिसेंबर, रविवार. पहाटे पाचला निघायचे ठरले होते, म्हणजे आम्ही सातला निघालो. तावडे हॉटेलच्या कमानीपाशी आल्यावर हिला करंज्यांचा डबा घरीच राहिल्याची आठवण झाली. परत फिरलो. पिशवीत विहीणबाईंसाठी सुती इरकली साडी होती, आणि तिच्यावर ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक हिचे पोथीसारखे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई टिळकांनी काय काय सोसले, हे ती मला अधूनमधून, काही एक न सुचवता, मोठ्याने वाचून दाखवीत असे.

कराडच्या पुढे मागचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी सामानाच्या खाली. सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडला, चाक बदलले, आणि उशीर झाला म्हणून मीच भराभर सामान परत डिकीत कोंबले. हे ‘मीच’ महत्त्वाचे आहे. डबा मी आडवा ठेवला.

खंबाटकीचा बोगदा मागे पडला, पुणे आले नि गेले. खंडाळ्याच्या घाटात पलीकडच्या बाजूला मुंबईहून सुटीला निघालेल्या गाड्या मुंगीच्या पावलांनी चढत होत्या. आमची बाजू मोकळी. मी खुशीत येऊन म्हणालो, “बघा, उलट्या दिशेने जाणाऱ्याला वाट मोकळी मिळते!” अशी वाक्ये प्रवासात उच्चारू नयेत. कळंबोलीला मुंब्र्याकडे वळायचे, तो मी सरळ वाशीला गेलो. धाकटा फोनवर नकाशा पाहून सांगत होता, पण 1985 पासून गाडी चालवणाऱ्या माणसाने फोनचे काय म्हणून ऐकावे? पुढे त्या फोनचाही जीव गेला आणि धाकटा मागच्या सीटवर झोपला.

एवढ्यात ही म्हणाली, “जवळपास गुऱ्हाळ आहे वाटतं. कसा खमंग वास सुटलाय!”

“नव्या मुंबईत गुऱ्हाळ?” मी हसलो.

ठाणे, मग घोडबंदर रस्ता. वसईच्या खाडीवरल्या पुलाच्या अलीकडे आम्ही दीड तास उभे होतो. 2023 साली तिथे शेजारी नवा पूल झाला, तेव्हा नव्हता. मनात मी एक वाक्य तयार करीत होतो. कोल्हापुरात ते बरेच लांब होते, साताऱ्याला थोडे आटोपशीर झाले, पुलावर येईपर्यंत त्यातले ‘माझं चुकलं’ एवढेच उरले होते, आणि तेही जड वाटत होते.

रात्री नऊच्या सुमारास वसईतल्या एका नाक्यावर येऊन वाट चुकलो. घरोघरी चांदणीचे कंदील लागलेले, जणू दिवाळी संपायची राहिली होती. कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून, हातात बॅटरी घेऊन उभे होते. मी काच खाली करून, दिवसभराचा सगळा वैताग आवाजात आणून पत्ता विचारला. त्यांनी गाडीच्या पाटीवर बॅटरी मारली. एमएच 09. “माझ्यामागून या,” म्हणाले, नि सायकलवर बसले.

केळीच्या वाड्यांतून, विहिरीला वळसा घालून ते एका अंगणात थांबले. मी उतरलो आणि दहाची नोट त्यांच्या हातावर ठेवली. “चहा घ्या, आजोबा.”

त्यांनी नोटेकडे पाहिले, घडी करून खिशात घातली आणि हात जोडले. “या मास्तर. मी मुलाचा बाप.”

तेवढ्यात धाकटा जागा होऊन बाहेर आला नि वाकून त्यांच्या पाया पडला. त्याला ते ठाऊक होते. घरात सगळ्यांना ठाऊक होते. मी फोटो पाहिले नव्हते. व्याही पाच वाजल्यापासून त्या नाक्यावर गाड्यांच्या पाट्या वाचीत उभे होते, हे मला मागाहून कळले. “रस्त्यातच का नाही सांगितलंत?” असे मी दुसऱ्या दिवशी विचारले, तर म्हणाले, “सांगितलं असतं, नि तुम्ही तिथूनच गाडी फिरवली असती तर?”

मुलगी आणि जावई मिस्सेसाठी देवळात गेले होते. सामान काढायला डिकी उघडली. वास्तविक उघडायलाच नको होती. काकवी साडीत, करंज्यांत, स्टेपनीच्या खळग्यात. लक्ष्मीबाई तेवढ्या वरच्या खिशात होत्या म्हणून वाचल्या. विहीणबाईंनी एका शब्दाने विचारले नाही. चुलीवर पाण्याचे हंडे चढवले. व्याह्यांनी सदरा काढला, मी बाह्या सरसावल्या. “तुमची मिस्सा?” मी म्हणालो. “सकाळी आणखी एक असते,” ते म्हणाले. घरातली माणसे आपसांत कादोडीत बोलत होती. सामवेदी ब्राह्मण नि इथले ख्रिस्ती, दोघांचीही हीच बोली. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या मला त्यातली निम्मी कळत नव्हती. आमची ही मात्र ओटीवरच्या नाताळच्या गोठ्यापाशी बसून, गवतात पेरलेल्या धान्याचे कोवळे अंकुर निरखीत विहीणबाईंना विचारीत होती, “घट बसवताना आम्हीही असंच पेरतो. तुम्ही कधी पेरता?”

थोरली परत आली तेव्हा मी डिकीत कमरेपर्यंत वाकलेला, हातात नारळाची शेंडी. मी वळलो. वाक्य घशाशी होते.

ती वाकून आत बघत म्हणाली, “बाबा, काकवी आडवी ठेवलीत?”

“हो,” मी म्हणालो.

मग तिने ओढणी कमरेला खोचली नि माझ्या हातातली शेंडी घेतली. जावई शेजारी बादली घेऊन उभे होते. “जावईबापू, जरा गरम पाणी द्या,” मी म्हणालो. हा शब्द मी प्रथमच वापरीत होतो. पाण्याच्या गडबडीत कोणाचे लक्ष गेले नसावे.

नाताळच्या दुपारी विहीणबाई तीच इरकली साडी नेसून आल्या. रात्रीतून धुऊन वाळवलेली. पदरावर तळहाताएवढा डाग राहिला होता. माझी दहाची नोट सकाळच्या मिस्सेला दानाच्या ताटात पडल्याचे व्याह्यांनी मला मुद्दाम सांगितले.

तिसऱ्या दिवशी निघालो. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत तिकडेही आहे. विहीणबाईंनी त्यात वसईची सुकेळी भरली, झाकणाखाली कागद घातला, वरून सुतळीने उभा-आडवा बांधला, आणि माझ्याकडे न देता जावईबापूंच्या हाती देऊन म्हणाल्या, “हा तू ठेव. उभा.”