मोकळ्या तारांचं गाणं

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं पहिल्याच महिन्यात विचारतात, "सर, 'नथिंग एल्स मॅटर्स' कधी शिकवणार?" मी म्हणतो, आत्ताच. कारण त्याचे पहिले चार स्वर वाजवायला डावा हात लागतच नाही. सगळ्यात जाड तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, सगळ्या मोकळ्या. ओळीने छेडल्या की ई मायनर उभा राहतो. मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड एका हातात फोन धरून बोलत होता, दुसरा हात सहज तारांवर फिरत होता आणि त्यातून ही सुरावट निघाली, असं त्यानंच सांगितलंय. दौऱ्यावर असताना दूर राहिलेल्या मैत्रिणीसाठी केलेलं हे गाणं बँडसाठी नव्हतंच. तरी ते १९९१च्या अल्बममध्ये आलं.

लय सहा मात्रांची, तीन-तीनच्या झोक्याची. घरात भावगीतं ऐकत वाढलेल्या मुलांचा पाय त्यावर लगेच हलू लागतो, दादरा अंगात मुरलेला असतो ना!

मला स्वतःला यातली सर्वांत प्रिय जागा निषादाची. ई हा षड्ज धरला, तर कडव्याचा बराचसा भाग कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद घेऊन आसावरी थाटाच्या अंगानं चालतो. शीर्षकाचे शब्द येतात तिथे मात्र साथीला बी सेव्हन वाजतो आणि त्यात शुद्ध निषाद असतो. क्षणभर किरवाणीची सावली पडते, आणि तो निषाद षड्जाकडे असा ओढ घेतो की घरी पोचल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. वर्गात मी तिथे आधी मुद्दाम बी मायनर वाजवायला लावतो. ओळ संपते, पण मन भरत नाही. मग बी सेव्हन. मुलं काही न बोलता एकमेकांकडे बघतात.

शब्दही असेच हात राखून लिहिलेले. प्रेमाचं गाणं, पण 'लव्ह' हा शब्द त्यात एकदाही नाही. आहे तो विश्वास, आणि 'नेव्हर' हा नकार, पुन्हा पुन्हा. एरवी लहान लहान, रोजच्या बोलण्यातले शब्द. तिचं नाव नाही, गाव नाही, रूपाचं वर्णन नाही. म्हणूनच ऐकणारा त्या रिकाम्या जागी आपलं माणूस ठेवू शकतो. मायकल केमननं रचलेली वाद्यवृंदाची साथसुद्धा मूळ ध्वनिमुद्रणात मागेच राहते. ती पुरती बहरली १९९९मध्ये, सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबरच्या मैफलीत.

एवढं सगळं धरून ठेवल्यावर, अगदी शेवटाकडे, इलेक्ट्रिक गिटारचा सोलो येतो. बँडचा मुख्य गिटारवादक कर्क हॅमेट. पण इथला सोलो हेटफील्डनं स्वतः वाजवलाय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गळ्याला जे सांगता आलं नाही, ते त्याच माणसानं तार ओढून सांगितलं. दुसऱ्याच्या हातून ते पत्र अपुरं राहिलं असतं.

मग पुन्हा त्याच मोकळ्या तारा. वर्गात शेवटचा स्वर मी कुणाला हातानं दाबू देत नाही. तो आपोआप विझेपर्यंत आम्ही सगळे बसून राहतो.