पिकअपचे आडवे पट्टे

जुनी पिकअप विकायला काढली की पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. आम्हाला तो कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकात मिळाला. एक दलाल म्हणाला, "खालून डांबर मारून घ्या, संत्र्याच्या हंगामात काटोलकडचा कोणीतरी नेईल." भाईजानांनी गाडीखाली शिरून तारेचा ब्रश फिरवला, तर चेसिसच्या दोन आडव्या पट्ट्यांचे पापुद्रे सुटले. एका जागी स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पिकअपचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. मिस्त्री त्यांना क्रॉस मेंबर म्हणतात. एक चाक खड्ड्यात उतरले की सांगाडा पिळवटतो. तो पीळ हे पट्टे आवरून धरतात. ते गंजले तरी रिकामी गाडी नीट धावते. कॅरेट भरून कळमना बाजाराकडे निघाल्यावर काय होईल, ते चालवणाऱ्याच्या नशिबावर. आमच्या गाडीत कित्येक पावसाळ्यांचा चिखल पट्ट्यांच्या आतल्या बाजूला साचून राहिला होता आणि तिथे ऊन कधी पोहोचलेच नाही.

दलालाचे उत्तर तयार होते, "पासिंग झालंय ना?" झाले होते. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावेच लागते. पण रात्री जेवताना अम्मींनी धान्याच्या ढिगाची हदीस काढली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले, पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला, तेव्हा ते वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. घरात कोणी बोलले नाही. कारण याच गाडीच्या पैशांवर पुतणीचा फार्मसीचा प्रवेश ठरला होता आणि दुरुस्तीचा खर्च त्यातूनच जाणार होता.

काम मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रींनी केले. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो. गाडी त्यांनी समतल फरशीवर घोड्यांवर घेतली, बॅटरीची तार काढली, डिझेलची टाकी उतरवली. मग लांब दांड्यांवरच्या ठराविक छिद्रांमध्ये टेप लावून दोन्ही कर्ण मोजले आणि खडूने भिंतीवर आकडे लिहिले. कर्ण सारखे, म्हणजे सांगाडा काटकोनात. दोन्ही पट्टे एकदम काढू दिले नाहीत. एक बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही, नाहीतर दांडे सरकतात.

फर्मा शाळेतल्या जुन्या पुठ्ठ्याचा कापला. जुना पट्टा जिथे कोरडा होता तिथे चार मिलिमीटर जाड भरला. इतवारीच्या लोहा ओळीत आम्ही म्हटले, सहाचा घेऊ, मजबूत होईल. उस्तादांनी मान हलवली. फार ताठ तुकडा बाकीच्या सांगाड्याबरोबर लवत नाही, मग तडा शेजारच्या लांब दांड्याला जातो. चारचाच पत्रा घेऊन बेंडिंग मशीनवर मोडला.

जुने रिव्हेट ग्राइंडरने घासून ठोकून काढले. नवे पट्टे डोक्यावर ८.८ कोरलेल्या बोल्टांनी जुन्याच छिद्रांत कसले. वेल्डिंग फक्त पट्ट्याच्या स्वतःच्या कोपऱ्यांना. लांब दांड्याच्या कडेवर आडवा वेल्ड मारला तर नेमकी तिथूनच चीर सुरू होते, हे उस्ताद शिकाऊ पोराला तीनदा सांगत होते. (आमच्या वर्गातही तीनदाच सांगावे लागते.) खालच्या बाजूला पाणी निघायला छिद्रे ठेवली, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि शेवटी पुन्हा कर्ण मोजले. भिंतीवरच्या आकड्यांशी जुळले.

गाडी नरखेडकडच्या एका तरुणाने घेतली. अब्बांनी त्याला कुठले दोन पट्टे नवे ते दाखवले आणि मागच्या जुन्या पट्ट्यावरचा वरवरचा गंजही दाखवला. त्याने मोबाइलच्या उजेडात फोटो काढले, दुसऱ्या दिवशी स्वतःचा मिस्त्री आणला, आणि दलालाने सांगितलेल्या किमतीपेक्षा कमीत सौदा झाला. प्रवेशाला जी रक्कम कमी पडली, त्यासाठी भाभींनी आपली भिशी दोन महिने आधी उचलली.